वाकळीच्या कोपऱ्यातले फूल

आमच्या निपाणी भागात जिला वाकळ म्हणतात, तिलाच कानडी शेजारीण कौदी म्हणते. जुनेर तेच, धावदोराही तोच. शिंप्याकडच्या चिंध्या, विरलेल्या लुगड्याचे धड राहिलेले काठ बोचक्यात जपणाऱ्या बाईला आपण कौतुकाने काटकसरी म्हणतो. मला हे कौतुक खटकते. जिच्यापुढे दुसरा मार्गच नव्हता, तिच्या गरजेला सद्गुण म्हणायचे कसे? टाकून देण्याची ऐपत असून जो राखतो, त्याच्याच राखण्याला नैतिक मोल, असे तर्क सांगतो.

पण खानापूरला लागून असलेल्या हल्याळ तालुक्यातल्या सिद्दी स्त्रियांची कवंदी या तर्काला आडवी येते. पोर्तुगीजांनी आफ्रिकेतून गुलाम म्हणून गोव्यात आणलेली माणसे ही यांतल्या अनेकींची पूर्वज. कवंदी कडेपासून आत शिवत नेतात आणि चारी कोपऱ्यांवर चिंध्यांच्या दुमडलेल्या घड्या टाचतात. त्यांना ‘फुले’ म्हणतात. त्यांच्यावाचून कवंदी नागवी मानली जाते. या घड्यांनी ऊब काही वाढत नाही. मुळात तुटवडा, त्यातून या बाजूला काढलेल्या! हिशेबाने पाहिले तर ही उधळपट्टीच. तिला काटकसरी म्हणणाऱ्याने ही चार फुले कोणत्या खात्यावर मांडावीत?