निरोप्या

आम्ही स्वभावाने चांगले आहोत, हीच आमची मोठी अडचण आहे. वाईट माणसाला निदान आपण काय करतो आहोत ते ठाऊक असते. चांगला माणूस मात्र दुसऱ्याचे नुकसान करून वर रात्री शांत झोपतो. मी असा साधारण तीन आठवडे झोपलो. सन १९९०. मुक्काम लोणावळा.

त्या वेळी मी लोणावळ्याहून मुंबईला नोकरीसाठी रोज जात-येत होतो. अशा माणसाला गावात एक दर्जा असतो. तो म्हणजे हमालाचा. 'येताना एवढं आणाल का?' या वाक्याने त्याची सकाळ सुरू होते. मी औषधे आणली, चष्म्याच्या काचा आणल्या, एकदा एका मुलीची पत्रिकाही आणली. पण अमेरिकेचे पत्र चोवीस तासांत आणीन असे वाटले नव्हते.

शेजारच्या माईंचा धाकटा अमेरिकेत पीएच.डी. करत होता. एअरमेलला दोन-तीन आठवडे लागत आणि ट्रंक कॉलवर निम्मा वेळ 'हॅलो, ऐकू येतंय का?' यातच जाई. माझा भाचा मुंबईतल्या एका संस्थेत संगणकावर काम करी. तो म्हणाला, "मामा, त्याला सांगा, मला ई-मेल पाठव. मी छापून देईन, तुम्ही पोचवा."

"पोस्टाचं तिकीट?"

"तिकीट नसतं."

फुकट गोष्टीबद्दल मला मध्यमवर्गीय आदर आहे. मी कबूल झालो.

भाच्याने मला या पोस्टाचा कारभार समजावून सांगितला. आज फोनवर बोट टेकवले की निरोप गेला. तेव्हा तसे नव्हते. आपल्याकडे इलेक्ट्रॉनिक्स खात्याने संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या मदतीने १९८६ साली 'अर्नेट' नावाचे जाळे सुरू केले. त्यात पाच आयआयटी होत्या, बंगळूरची विज्ञान संस्था होती आणि मुंबईत जुहूला एनसीएसटी होती. परदेशी टपालाचा दरवाजा या जुहूच्या संस्थेत. आधी तिथून ॲमस्टरडॅमच्या एका संस्थेशी टपालाची देवघेव चाले, पुढे अमेरिकेतल्या व्हर्जिनियाशी. सामान्य माणसाला इंटरनेट मिळाले ते १५ ऑगस्ट १९९५ ला.

जाळीही एक नव्हती. अमेरिकेतल्या विद्यापीठांचे बिटनेट निराळे, ब्रिटनचे जॅनेट निराळे, अर्नेट निराळे. प्रत्येकाची पत्ता लिहिण्याची तऱ्हा वेगळी. एका पद्धतीत तर वाट पत्र पाठवणाऱ्यानेच सांगायची: या यंत्राकडून त्या यंत्राकडे, तिथून पलीकडच्याकडे. आणि मध्ये प्रत्येक ठिकाणी उद्गारचिन्ह! तो पत्ता पाहून मला वाटले, कुणीतरी रस्ता विचारला आणि सांगणारा दर नाक्यावर ओरडतो आहे. इंग्रज आपला देश आधी लिहीत आणि बाकीचे सगळे शेवटी. त्यामुळे ज्या पत्त्याच्या शेपटीला संगणकशास्त्राचे 'सीएस' असे, तो इतरांना चेकोस्लोव्हाकियाचा वाटे. कारण त्या देशाचेही चिन्ह तेच. म्हणून दोन जाळ्यांच्या सीमेवर एक यंत्र बसवलेले असे. ते आलेल्या पत्राचा पत्ता उलटापालटा करून पुढे ढकली.

"म्हणजे आपलं खंडाळ्याचं रिव्हर्सिंग स्टेशन!" मी म्हणालो.

भाच्याला ते ठाऊक नव्हते. हल्लीच्या पोरांना व्हर्जिनिया माहीत असते, खंडाळा माहीत नसतो. बोरघाट १८६३ साली सुरू झाला, तेव्हा एका जागी चढण इतकी अवघड होती की गाडी कड्याच्या टोकाशी आणून थांबवीत. इंजिन काढून दुसऱ्या टोकाला लावीत आणि गाडी उलट्या दिशेने पुढे निघे. शेवटचा डबा पहिला होई. १९२९ च्या सुमारास नवा मार्ग झाला आणि ते बंद पडले.

"पण मामा," भाचा म्हणाला, "डब्यातली माणसं उलटी करत नव्हते ना? तसंच आहे. पत्ता बदलायचा, मजकुराला हात लावायचा नाही."

हे वाक्य मी मान डोलावून ऐकले आणि विसरलो.

पहिली दोन-तीन पत्रे छान पोचली. अडचण एवढीच, की हे टपाल रोमन लिपीत. माईंना देवनागरीत पोथी खडाखडा वाचता येई, पण 'एबीसीडी'शी त्यांचा संबंध फक्त एलआयसीपुरता. तेव्हा वाचून दाखवण्याचे कामही माझ्याकडे आले. रोमन मराठी हा प्रकार भयंकर. 'मी बरा आहे' हे मी 'मी बारा आहे' असे वाचले आणि 'रोज रात्री भात करतो' याचे 'रोज रात्री भट करतो' केले. माई पोट धरधरून हसल्या. पत्र पाकिटात नसे, उघडा कागद असे. वाटेत मी तो वाचून काढी. सराव नको का करायला?

आणि एके दिवशी कर्जतला मागे इंजिन लागत असताना मी वाचले: 'इथेच नोकरी धरली आहे. दोन वर्षांनी परत येईन म्हणालो होतो, ते आता होणार नाही. माझी वाट पाहू नका.'

घाट संपेपर्यंत मी खिडकीबाहेर पाहत होतो. माई दारातच उभ्या होत्या. मी कागद उघडला, घसा साफ केला आणि वाचले, "काम वाढलं आहे. यायला थोडा उशीर होईल."

जुहू ते व्हर्जिनिया कुठल्याही यंत्राने जे केले नाही, ते मी दारातल्या पायरीवर केले. आणि मला बरे वाटले! एका आईचे मन राखले, या आनंदात मी दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

तीन आठवड्यांनी माईंच्या अंगणात विटा आल्या. मग वाळू. मी विचारले, "माई, हे काय?"

"वर खोली काढते आहे. आत संडास-बाथरूम. त्याला तिकडची सवय झाली असेल. पावसाच्या आत झालं पाहिजे." मग आवाज खाली करून म्हणाल्या, "पाटल्या मोडल्या. ठेवून तरी काय करायच्यात?"

त्या रात्री मला झोप आली नाही. दया मी केली होती, पण तिचा हप्ता माई भरत होत्या. दुसऱ्याला दुःख किती झेपेल हे आपण परस्पर ठरवतो, त्याला आपण माया म्हणतो. खरे म्हणजे मला त्यांचे रडणे पाहवले नसते, एवढेच होते. मी वाचवले ते मला.

रविवारी पाहुण्यांना घेऊन कार्ल्याच्या लेण्यांत जावे लागले. तिथल्या खांबांवर दान देणाऱ्यांची नावे कोरली आहेत आणि गावेही. बरेच जण धेनुकाकट नावाच्या गावचे; त्यांत यवनसुद्धा आहेत. हे धेनुकाकट नेमके कुठे, यावर विद्वानांचे अजून एकमत नाही. पत्ता हरवला, पण मजकूर दोन हजार वर्षे जसाच्या तसा उभा आहे. कोरणाऱ्याने 'एवढं कशाला, खांबाऐवजी थोडी मदत लिहू' असा विचार केला असता तर? मी पाहुण्यांना तिथेच सोडून घरी आलो.

कागद घेऊन माईंकडे गेलो आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. एक शब्द गाळला नाही. माई बराच वेळ वाळूच्या ढिगाकडे बघत होत्या. मी माफी मागायला तोंड उघडले, तर म्हणाल्या, "तुम्ही माझ्यासाठी केलंत, कळतंय मला. पण निरोप्यानं निरोप सांगावा हो. रडायचं की नाही ते माझं मी बघितलं असतं. पाटल्या तरी राहिल्या असत्या."

याला उत्तर नव्हते. मी दिले नाही. आयुष्यात शहाणपणा केलेल्या मोजक्या प्रसंगांपैकी तो एक.

थोड्या वेळाने त्यांनी पदराने डोळे पुसले आणि म्हणाल्या, "उत्तर पाठवायचंय. लिहून घ्या. खोली बांधते आहे. आलास तर तुझी, नाही आलास तर भाड्यानं देईन. अण्णांचं श्राद्ध मी करीन. तिथे जेवणाची हेळसांड करू नकोस."

मी लिहून घेतले. मनात दहा वेळा आले, एक वाक्य आपल्या पदरचे घालावे: पाटल्यांचे. पोरगा पुढच्या विमानाने आला असता. हात तिथे दोनदा गेला आणि दोनदा मागे आला.

"झालं?"

"शेवटी एक घाला," माई म्हणाल्या. "मी बरी आहे."

आता हे धडधडीत खोटे होते. समोर मीच साक्षीदार होतो. पण मजकूर त्यांचा होता, मी नुसता लोणावळा ते मुंबई. दुसऱ्या दिवशी भाच्याच्या शेजारी बसून अक्षर अक्षर सांगितले, आणि ते वाक्य होते तसे पुढे गेले.