प्रकल्प कोणापुढे मांडायचा?

तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात हल्ली एक कचरापेटी हमखास असते. हात जवळ नेला की झाकण आपोआप उघडते. आत सेन्सर, एक छोटी मोटर, अर्डुइनोचा बोर्ड; बाहेरून रंगीत कागद. शेजारच्या टेबलावर अंधांसाठी पीं-पीं करणारी काठी. त्यापलीकडे ‘आदर्श गाव’: हिरवे डोंगर, निळ्या कागदाची नदी, काडेपेटीएवढी घरे. सजावटीच्या थर्माकोलवर राज्याने २०१८ मध्ये बंदी घातली, आदर्श गाव मात्र अजून त्याचेच बनते. परीक्षक येतात, मुले पाठ केलेले धडाधड म्हणतात, ‘समाजोपयोगी प्रकल्प’ या रकान्यात गुण पडतात आणि संध्याकाळी सगळे टेम्पोत भरून परत जाते.

कचरापेटीचे झाकण उघडायला जड जाते, अशी तक्रार महाराष्ट्रातल्या कुठल्या गावाने कधी केली होती? गावाचे रडगाणे वेगळेच आहे. घंटागाडी येत नाही. आली तर घरी वेगळा केलेला ओला-सुका कचरा तिच्यात पुन्हा एकत्र होतो. आणि शेवटी तो ज्या ओढ्याकाठी ओतला जातो, त्या ओढ्यालगत कोणाची वस्ती आहे हे गावात प्रत्येकाला माहीत असते. झाकणाच्या सेन्सरला यातले काहीच कळत नाही.

मुलांना हसण्याचे कारण नाही. ज्या मुलीने ती मोटर जोडली, तिने रात्री जागून प्रोग्राम दुरुस्त केलेला असतो. तिचे कौशल्य खरे आहे. दोष आपला, मोठ्यांचा. आपण तिला ‘काय बनवलंस?’ असे विचारतो. ‘कोणाला विचारून बनवलंस?’ असे विचारत नाही. समाजाचा प्रश्न सोडवल्याचे गुण आपण समाजाला न विचारता देतो. ज्याचा प्रश्न आहे तो माणूस त्या सभागृहात नसतोच. म्हणून माझे म्हणणे थोडक्यात असे: गटाने केलेला प्रकल्प ज्यांच्यासाठी केला त्यांच्यापुढे मांडला गेला पाहिजे, आणि त्यांच्या उलटतपासणीला गुणपत्रिकेत जागा मिळाली पाहिजे. बाकी सगळे प्रदर्शन आहे.

शिक्षण गावाच्या उपयोगी पडावे हा विचार आपल्याकडे नवा नाही. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात महात्मा फुल्यांनी प्राथमिक शाळेत मोडी-बाळबोध आणि हिशेबाबरोबर शेतीचे व आरोग्याचे प्राथमिक ज्ञान मागितले होते. १९३७ च्या वर्धा परिषदेतून नई तालीम आली. १९६९ मध्ये राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली. १९९३ पासून राष्ट्रीय बाल विज्ञान परिषद मुलांना गट करून आपल्याच परिसरातला प्रश्न अभ्यासायला लावते आहे. २०२० च्या शैक्षणिक धोरणातही अनुभवातून शिकण्यावर भर आहे. म्हणजे हुकूम भरपूर निघाले. पण प्रत्येक हुकमाचा शेवट एका अहवालात झाला आणि अहवाल वाचणारा माणूस वरच्या कार्यालयातला होता, खालच्या आळीतला नव्हता.

वरच्या माणसासाठी केलेले काम विकतही आणता येते. शहराशहरांतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या गल्ल्यांत अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाचे प्रकल्प तयार मिळतात, सोबत छापील अहवाल आणि तोंडी परीक्षेची संभाव्य प्रश्नोत्तरेही. चार जणांच्या गटाने वर्गणी काढून तो आणायचा, ही गोष्ट प्राध्यापकांना ठाऊक नसते असे नाही. पण हाच तयार प्रकल्प एखाद्या वाडीच्या पारावर मांडून पाहा. ‘पावसात हे चालेल का? बिघडलं तर कोण दुरुस्त करणार? लाइट गेली तर?’ एवढ्या तीन प्रश्नांत सगळे उघडे पडेल. पारावरच्या म्हाताऱ्याला फसवणे विद्यापीठाला फसवण्याइतके सोपे नाही.

हे प्रत्यक्षात करून दाखवणारी माणसे महाराष्ट्रात झाली आहेत. हिंदुस्थान लिव्हरमधले संशोधनाचे काम सोडून डॉ. एस. एस. कलबाग १९८३ मध्ये शिरूर तालुक्यातल्या पाबळ या अवर्षणप्रवण गावी गेले आणि तिथे विज्ञान आश्रम उभा राहिला. त्यांनी आखलेल्या मूलभूत तंत्रज्ञानाच्या अभ्यासक्रमात आठवी ते दहावीची मुले आठवड्यातला एक दिवस हाताने काम करतात: वेल्डिंग, बांधकाम, वायरिंग, माती परीक्षण, रोपवाटिका, हिमोग्लोबिन मोजणे. शिकवायला गावातलेच कारागीर. पण मला यातली सर्वांत मोलाची वाटते ती दुसरीच गोष्ट. ही कामे सरावासाठी करून मोडून टाकायची नसतात, ती गावाला सेवा म्हणून पुरवायची असतात आणि त्याचा खर्च गावाने द्यायचा असतो. ज्याने पैसे मोजले तो फाटक वाकडे बसले तर बोलणारच. त्याला मुलाच्या आत्मविश्वासाची, रंगीत तक्त्याची किंवा इंग्रजी उच्चारांची पर्वा नसते. फाटक नीट लागते का, एवढेच तो बघतो. याहून चोख परीक्षक कुठल्या मंडळाने नेमला आहे?

मुंबईच्या आयआयटीतले ‘सितारा’ हे केंद्र १९८५ पासून ग्रामीण भागासाठी तंत्रज्ञानाचे काम करते. तिथल्या एम. टेक.च्या विद्यार्थ्यांना गावात जाऊन राहावे लागते. मूळचे संगणकशास्त्राचे असलेले प्रा. मिलिंद सोहोनी आणि त्यांचे विद्यार्थी यांनी मुंबईच्या आसपासच्या आदिवासी तालुक्यांतल्या नळयोजना अभ्यासल्या. शहापूर तालुक्यातले भातसा धरण मुंबईची तहान भागवते आणि त्याच तालुक्यातल्या वाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. यात अभियांत्रिकीचा विषय नाही, असे कोण म्हणेल? याच विचारातून २०१६ मध्ये राज्याचे उन्नत महाराष्ट्र अभियान आले: जिल्ह्यातल्या महाविद्यालयांनी जिल्ह्याचेच प्रश्न अभ्यासावेत, प्रशासनाने त्यांना माहिती द्यावी आणि त्यांच्याकडून उत्तरे घ्यावीत. कल्पना रास्त होती. किती महाविद्यालयांनी ती मनापासून घेतली, हा प्रश्न आपल्या जिल्ह्यातल्या प्राचार्यांना जरूर विचारावा.

यासाठी आयआयटी लागत नाही, सातवीचे गणित पुरते. जल जीवन मिशनचा निकष माणशी रोज ५५ लिटर पाणी असा आहे. मुलांचा एक गट करा, हातात २० लिटरची बादली आणि सेकंदाचे घड्याळ द्या. समजा, गावात नळाला रोज २० मिनिटे पाणी येते. टाकीजवळच्या घरात बादली ४० सेकंदांत भरली, तर त्या घराला ६०० लिटर मिळाले. नळाच्या टोकाच्या घरात तीच बादली भरायला २ मिनिटे लागली, तर तिथे २००. दोन्ही घरांत पाच-पाच माणसे धरली, तर एकीकडे माणशी १२०, दुसरीकडे ४०. योजना एकच, पाणीपट्टी एकच. आता हे आकडे गावाच्या नकाशावर मांडा. नळाचे टोक बहुतेक वेळा कुठे संपते, हे आपण सगळेच जाणतो: दलितवस्तीत नाहीतर ठाकरवाडीत.

गाव इथे अस्वस्थ होते आणि शाळाही. थर्माकोलचे गाव आणि झाकण उघडणारी पेटी आपल्याला का आवडते, याचे खरे कारण इथे सापडते. सेन्सर कोणाला दुखवत नाही. तो सरपंचाला, पाणीपुरवठ्याच्या ठेकेदाराला किंवा टाकीजवळ राहणाऱ्या पाटलांना काहीच विचारत नाही. गावाचे बहुतेक प्रश्न यंत्र नसल्यामुळे पडलेले नाहीत. कोणी तरी आपल्या वाट्यापेक्षा जास्त घेतो, कोणी आपले काम करत नाही आणि त्याला कोणी हटकत नाही, त्यामुळे ते तसेच राहतात. असल्या प्रश्नाला ‘उपाय’ म्हणून खेळणे पुढे केले की सगळ्यांची सुटका होते. मुलाला बक्षीस, शाळेला बातमी, पुढाऱ्याला बक्षीस वाटतानाचा फोटो. टोकाच्या घरी बादली दोन मिनिटांनीच भरत राहते.

यावर एक आक्षेप येईल आणि तो फालतू नाही. मुलांना गावच्या राजकारणात ओढायचे का? शिक्षकाची बदली झाली, मुलाच्या बापाला कोणी धमकावले, तर जबाबदार कोण? भीती खरी आहे. म्हणूनच मुलांना आरोप करायला शिकवायचे नाही, मोजायला शिकवायचे. ‘पाणी चोरले जाते’ हे वाक्य गटाने लिहू नये. ‘या नळाला २ मिनिटे, त्या नळाला ४० सेकंद, तारीख अमुक, वेळ तमुक’ एवढेच लिहावे. पुढचे वाक्य गाव आपोआप बोलेल. शिवाय मुलांना यातले काही माहीत नाही, ते आपण त्यांना दाखवणार आहोत, हा मोठ्यांचा भ्रम आहे. टोकाच्या घरातली मुलगी पहाटे हंडा घेऊन उभी असते. तिला राजकारणात ओढायचे आता काय शिल्लक आहे?

त्या मुलीवरून आणखी एक. गट चार जणांचा असला, तरी प्रदर्शनात बोलतो मुलगा आणि तक्ता धरते मुलगी. वहीतले सुबक अक्षर तिचे, परीक्षकाशी हस्तांदोलन त्याचे. पाण्याच्या प्रकल्पात तरी हे चालू देऊ नये, कारण विहिरीची कोणती पायरी कोणत्या महिन्यात कोरडी पडते, हे तिला ठाऊक असते. गटात काम वाटून घेताना जो ज्या गोष्टीत तरबेज आहे, त्याला दुसरी गोष्ट द्यावी. मुलाने स्वयंपाकघरात जाऊन भांड्यांची मापे घ्यावीत, मुलीने ग्रामसेवकाकडे जाऊन पंपाच्या वीजबिलाची थकबाकी विचारावी. गटात काम करणे म्हणजे काय, ते यातून कळेल.

कोणी म्हणेल, हा यंत्रांचा द्वेष झाला. मुळीच नाही. केरळात २०१५ मध्ये कोळीकोड शहरातल्या एका मॅनहोलमध्ये दोन कामगार गुदमरले आणि त्यांना वाचवायला उतरलेला नौशाद नावाचा रिक्षाचालकही गेला. एका अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या मित्रांनी पुढे मॅनहोल साफ करणारा ‘बँडीकूट’ यंत्रमानव तयार केला आणि २०१८ मध्ये तो तिरुवनंतपुरममध्ये कामाला लागला. आपल्याकडच्या प्रदर्शनांतही गटार साफ करणारा रोबो असतोच. फरक असा की केरळच्या मुलांनी पाणीपुरवठा खात्याशी बोलणी केली आणि पूर्वी आत उतरणाऱ्या सफाई कामगारांनाच यंत्र चालवायला शिकवले. आपल्या प्रदर्शनातल्या रोबोच्या निर्मात्यांपैकी किती जण एका तरी सफाई कामगाराशी बोललेले असतात? सुरक्षेच्या साधनांशिवाय मॅनहोलमध्ये माणूस उतरवायला २०१३ च्या कायद्याने बंदी आहे, हे तरी त्यांच्या तक्त्यावर असते का?

मार्च आला की प्रकल्प मरतो, हे दुसरे दुखणे. गट दहावीला जातो किंवा नोकरीला लागतो आणि पुढच्या वर्षीचा गट तोच विषय पहिल्या पानापासून सुरू करतो. भूजल सर्वेक्षण यंत्रणा आपल्या निरीक्षण विहिरी वर्षातून चार वेळा मोजते, तेही निवडक विहिरी. शाळेच्या मुलांनी गावातल्या पाच विहिरी दर पंधरवड्याला मोजल्या, दोरीला वजन बांधून, आणि ती वही एका तुकडीने दुसरीला सोपवली, तर दहा वर्षांत त्या गावाकडे जी माहिती साठेल ती जिल्ह्याच्या कार्यालयाकडेही नसेल. म्हणून निम्मे गुण जुन्या प्रकल्पाची तपासणी करणाऱ्या गटाला ठेवावेत. गेल्या वर्षीचा शोषखड्डा तुंबला का? बसवलेला सौर दिवा कोणी काढून नेला? ‘आमचा उपाय चालला नाही आणि तो का चालला नाही’ हे प्रामाणिकपणे सांगणाऱ्या गटाला पहिला क्रमांक मिळाल्याचे मी अजून ऐकलेले नाही.

मांडायला जागा शोधावी लागणार नाही. गावाला वर्षातून किमान चार ग्रामसभा घ्याव्याच लागतात आणि अनेक गावांत त्यातली एक २६ जानेवारीच्या आसपास येते. मुले मतदार नाहीत, पण पाहुणे म्हणून त्यांना बोलू द्यायला कोणाची हरकत असू नये. ग्रामपंचायतीच्या विकास आराखड्याच्या मार्गदर्शक सूचनांत बालसभेचा उल्लेख आहेच. आज होते काय, तर झेंडावंदन झाल्यावर मुलांच्या हातावर बुंदीचा लाडू ठेवून त्यांना घरी पिटाळतात आणि मग मोठी माणसे सतरंजीवर बसून गणपूर्तीची वाट बघतात. १५ टक्के किंवा १०० मतदार, यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढेही अनेकदा जमत नाहीत आणि सभा तहकूब होते. येत्या जानेवारीत मुख्याध्यापकांनी सरपंचांना दोन ओळींचे पत्र द्यावे: विषयपत्रिकेवर पहिला विषय आठवीच्या गटाचा, वेळ वीस मिनिटे, प्रश्न कोणीही विचारावेत, ठराव झाला तर तो इतिवृत्तात लिहावा. आपला पोरगा चारचौघांत काय बोलतो ते ऐकायला आई-बाप येतीलच, म्हणजे गणपूर्तीही भरेल. आणि टाकीजवळच्या घरातले कोणी उठून विचारलेच की ‘बादली कोणी मोजली?’, तर उत्तर द्यायला चौघे जण वही घेऊन उभे असतील.