दाखल्यावर सही माझी आहे

खुर्चीत नको, ओट्यावरच बस. चहा नंतर बघू. आधी हात मागे घे आणि माझ्याकडे बघून बोल. तेवीस दिवस झाले ना रजा संपून?

आई आजारी आहे, हे मला सांगू नकोस. तुझी ती आजारी आई आज सकाळी सातला चढ चढून माझ्या दारात आली. पोलीस पाटील घरी चौकशी करून गेले म्हणून पदर तोंडाला लावून रडत होती. पूर्वी 'मदर सीरियस' अशा तारा सुटायच्या, आमच्या पोस्टमास्तरांना तो मजकूर पाठ होता. २०१३ च्या जुलैत तार बंद झाली, सबब मात्र अजून नोकरीत आहे! आई खरोखर अंथरुणाला खिळली असती तर तू काय केलं असतंस? डॉक्टरचा कागद घेतला असतास, युनिटला फोन करून रजा वाढवून मागितली असतीस. तू काय केलंस? सिम बदललंस आणि मेव्हण्याच्या जेसीबीवर जाऊन बसलास, तेही शेजारच्या तालुक्यात.

'पळालो नाही सर, थोडा उशीर झाला.' वा! दहावीत गृहपाठाच्या वहीबद्दल हेच म्हणायचास. तिथे छडीवर भागत होतं, इथे सैन्य अधिनियम आहे, १९५० चा. शाळेत एनसीसी चालवली मी, थर्ड ऑफिसरचे तारे उगाच नव्हते लावले. नीट ऐक. सबळ कारण नसताना रजा संपल्यावर हजर न होणं हे कलम ३९, कैद तीन वर्षांपर्यंत. पळून जाणं हे कलम ३८, कैद सात वर्षांपर्यंत. आणि ॲक्टिव्ह सर्व्हिसवर असताना पळालास तर कायद्यात मृत्युदंडापर्यंत लिहिलंय. तुझं युनिट काश्मीरमध्ये, आणि सरकारी अधिसूचनेने तिथली नोकरी ॲक्टिव्ह सर्व्हिसच धरतात. फासावर कोणी चढवणार नाही, घाबरू नकोस. गावी रजेवर असलेल्याला ते कलम कितपत लागतं यावर वकील वादही घालतील. पण त्यांची फी कशातून देणार? गैरहजेरीचा एकेक दिवस पगारातून कापला जातो, आणि तो नोकरीतही धरत नाहीत.

या दोन कलमांमध्ये फरक कशाचा, ठाऊक आहे? इराद्याचा. १९८६ साली सर्वोच्च न्यायालयाने एका कॅप्टनच्या खटल्यात हेच समजावून सांगितलं. पळालेला प्रत्येक जण गैरहजर असतोच, पण गैरहजर असलेला प्रत्येक जण पळालेला असतोच असं नाही. परत जायचं मनात होतं की नव्हतं, हे बघतात. आता मन उघडून कोणी बघत नाही, वागणं बघतात. बदललेलं सिम, परका तालुका, जेसीबीवरची रोजची हजेरी. तुझ्याविरुद्धचा पुरावा तू स्वतःच गोळा करून ठेवला आहेस, तोही वर्गात कधी दाखवली नाहीस एवढ्या टापटिपीने.

बोटं मोडू नकोस, बोटांवर मोज. तिसाला तेवीस कमी, उरले किती? सात. गैरहजेरीला तीस दिवस भरले की कोर्ट ऑफ इन्क्वायरी बसते. तुझ्या ताब्यातल्या सरकारी सामानाची मोजदाद होते, ट्रंकेतल्या अंगोला शर्टापासून बुटांपर्यंत. काय कमी आहे ते लिहितात, गैरहजेरी जाहीर करतात, रजिस्टरात नोंद होते. त्यानंतर तू हजर झाला नाहीस किंवा सापडला नाहीस, तर तुला पळपुटा धरतात. युनिटचा ॲप्रिहेन्शन रोल, म्हणजे तुला पकडायचं पत्र, जिल्ह्याच्या पोलिसांकडे आलेला असतोच. मग वॉरंट लागत नाही, कुठलाही पोलीस तुला उचलू शकतो. वर्षं जाऊ दिली की प्रकरण मिटतं, असं मेव्हणा म्हणतो ना? कोर्ट मार्शलला एरवी तीन वर्षांची मुदत असते, पलायनाला ती मुदतच नाही. पन्नाशीत पोरीच्या लग्नाच्या मांडवातूनही नेतील.

मेव्हण्याला माझा आणखी एक निरोप दे. पळालेला सैनिक आहे हे माहीत असून आसरा दिला तर भारतीय न्याय संहितेत दोन वर्षांपर्यंत कैद आहे. त्यातून कायद्याने एकाच माणसाला सूट दिली आहे, बायकोला. आईला दिलेली नाही. आईच्या नावावर रजा वाढवणाऱ्याने हे लक्षात ठेवावं.

दंडावरच्या दोन फिती कशा मिळाल्या, आठवतंय? अकरा वर्षं घासलीस. पंधराव्या वर्षी पेन्शन, म्हणजे राहिली चार. बडतर्फ झालास तर पेन्शन नाही, 'माजी सैनिक' म्हणून कुठल्या भरतीत जागा नाही, कॅन्टीनचं कार्डही नाही. आणि राजीनामा पोस्टाने पाठवायला ही काय पतसंस्था आहे? खरंच नको असेल नोकरी, तर स्वतःच्या विनंतीवरून नाव कमी करून घ्यायची वाट आहे. तिला अर्ज लागतो, मंजुरी लागते, आणि अर्ज लिहायला माणूस युनिटमध्ये हजर असावा लागतो.

भीती वाटते का तिथे? मान खाली घालू नकोस, विचारतोय. वाटत असेल तर वाटू दे, त्याला कायद्यात कलम नाही. पण तुझ्या पोस्टवर आज रात्री कोण उभा आहे, हे एकदा मला सांग. नाव ठाऊक आहे तुला. रजा पाळीने मिळते. तू आल्याशिवाय पुढचा सुटत नाही. कोणीतरी कोल्हापूरचा, कोणीतरी बीडचा पोरगा तेवीस दिवस तुझ्या नावाने बोटं मोडत बर्फात ड्यूटी करतोय. त्याचीही आई असेल, कदाचित खरोखर आजारी. मला त्या कलमांपेक्षा याचा राग जास्त आहे, म्हणून आवाज चढला.

भरतीला निघालास तेव्हा चारित्र्याचा दाखला घ्यायला याच ओट्यावर आला होतास. अनवाणी, पहाटे धावून आलेला, घामाने चिंब. 'वर्तणूक चांगली' असं लिहून खाली सही केली मी. खाडाखोड केली नव्हती. आता करायची का?

तर ऐक. स्वतः हजर झालास की पकडून आणलास, हे तारखेसह कागदावर येतं, आणि शिक्षा देणारा आधी तोच कागद बघतो. स्वतः गेलास आणि कमांडिंग ऑफिसरने हे समरी ट्रायलवर मिटवलं तर आत बसावं लागणार नाही, दोन फितीवाल्याला तिथे कैद देता येत नाही. लाल शाईची नोंद होईल, ती सोस. कोर्ट मार्शलच झालं तर तेही सोस. पुण्याहून झेलम संध्याकाळी सुटते. तिकीट कन्फर्म नसेल तर जनरलमध्ये उभा राहून जा, अकरा वर्षांपूर्वी तसाच गेला होतास.

जुनं सिम खिशात आहे ना? घाल ते. सुभेदार साहेबांचा नंबर त्यातच असेल. सबब सांगायची नाही, मेव्हण्याचं नाव घ्यायचं नाही. 'राम राम साहेब, चूक झाली, आज निघतोय,' एवढंच बोलायचं, बाकी ते बोलतील.

लाव फोन. आणि स्पीकरवर टाक, मला ऐकायचंय.