दुसऱ्याचे म्हातारपण

कार्तिकी करून होटगीस परतलो, तो शेजारच्या ओसरीवर महाविद्यालयातील चार मुले आलेली. वृद्धांत मिसळावे, त्यांच्या उपयोगी पडावे व वार्धक्य म्हणजे काय ते शिकून यावे, असे त्यांना गुरुजींनी सांगितले होते. मुले गुणी. पायांस हात लावून बसली, कागद काढला आणि विचारू लागली : आजोबा, झोप लागते का, एकटे वाटते का, सांधे धरतात का? आमचे शेजारी ऐंशीच्या पुढचे. रेल्वेत गँगमन म्हणून जन्म गेलेला. त्यांनी सारी उत्तरे दिली. मुले गेल्यावर मला म्हणतात, "महाराज, पोरं लई चांगली. पर समदं दुखण्याचंच इचारलं. तडा गेल्याला रूळ आवाजावरनं कसा वळखायचा, ह्ये एकानंबी इचारलं न्हाई."

वाचकहो, हे वाक्य काही केल्या मनातून जाईना. दुसऱ्याचे म्हातारपण तरुणाला कळते तरी काय? शास्त्रकार प्रमाणे सांगतात. ग्रंथातून कळले ते शब्दप्रमाण. पांढरे केस पाहून ताडले ते अनुमान. प्रत्यक्ष मात्र ज्याचे त्याला. दुसऱ्याच्या गुडघ्याची कळ आपल्या गुडघ्यात कशी उठणार?

यावर कोणी म्हणेल, मग ज्ञानोबारायांना कशी कळली? शके 1212 मध्ये ज्ञानेश्वरी झाली तेव्हा त्यांचे वय, परंपरेच्या गणनेने, पंधरा. शके 1218 मध्ये समाधी. म्हणजे म्हातारपण त्यांनी भोगलेच नाही. तरी तेराव्या अध्यायात जरेचे वर्णन असे आहे की डोळ्यांना पिकल्या पडवळाची उपमा वाचून माझ्यासारखा साठी उलटलेला मनुष्य आरसा टाळतो! पूर्वपक्ष बळकट आहे. परंतु तेथे ज्ञानी पुरुष पाहतो आहे ते कोणाचे वार्धक्य? स्वतःचे, पुढे येणारे. मूळ गीतेतला शब्द 'अनुदर्शन' आहे, फिरून फिरून पाहणे. आमच्या मुलांच्या कागदावर सगळीकडे 'त्यांना'. 'मला' एकदाही नाही. म्हाताऱ्याचे दुखणे टिपले आणि म्हातारा निसटला.

पोरांना मी दोष देत नाही. राष्ट्रीय सेवा योजना 1969 साली सुरू झाली. तीत विद्यार्थ्याने दोन वर्षांत 240 तास सेवा करावी असा नेम आहे. तास मोजून केलेली सेवा खोटी, असे मी म्हणणार नाही. आम्हीही जपाला माळ घेतोच की! मण्यांची संख्या हेच नाम, असे वाटू लागले म्हणजे मात्र पंचाईत.

ठाणे जिल्ह्यात, मुरबाड तालुक्यात फांगणे गाव आहे. पोथी आपली आपल्याला वाचता आली असती तर, अशी तेथील म्हाताऱ्यांची हळहळ जिल्हा परिषदेचे शिक्षक योगेंद्र बांगर यांनी ऐकली आणि 8 मार्च 2016 रोजी आजीबाईंची शाळा उघडली. साठ ते नव्वद वयाच्या आज्या, अंगावर गुलाबी लुगडी, पाठीला दप्तर. नातवंडेच त्यांना शाळेत पोचवीत, घरी अभ्यास घेत. आता पाहा, आजीने पाटीवर काढलेले अक्षर वाकडे का, काल आलेले आज विसरते का, हे त्या पोराला समजून घ्यावेच लागते. नाही तर त्याची विद्यार्थिनी पुढे सरकत नाही. हात कापतो हे त्याला कळते, आणि कापत्या हाताला अजून काय हवे आहे तेही कळते. हे दुसरे कळणे आमच्या होटगीच्या ओसरीवर राहून गेले होते. हाताचा कंप कोणत्याही कागदावर लिहिता येतो. हाताची इच्छा जोडीने काही करताना दिसते. दिंडीत वृद्धांबरोबर पावले टाकली त्यांना हे नवे नाही.

असो. त्या चौघांतला एक मुलगा पौषात पुन्हा आला. कागद आणला नव्हता. आज्जांनी त्याला स्टेशनाच्या वाटेने नेले. गाडी गेली की थांबत, कान देत, काही सांगत. दोनशे पावलांना अर्धा तास लागला असेल. परत आल्यावर तो हळूच मला विचारतो, "महाराज, आज्जा मधे मधे थांबत होते ते दम लागला म्हणून, का मला ऐकवायचं होतं म्हणून?"

मी म्हटले, "बाळा, त्यांनाच विचार."

तो ओसरीकडे वळला.