पत्ती सोललेला कांदा टिकत नाही

लासलगावच्या बाजार समितीत (स्थापना 1947) कांदा ओळखायला कुणी पुस्तक उघडत नाही. ट्रॉलीतला कांदा हातात घेतात, दाबून पाहतात, रंग बघतात आणि वरची पत्ती बघतात. ही कोरडी पत्ती खाण्याच्या कामाची नसते. पण ती सोलून कांदा चकचकीत केला, तर तो एक दिवस शोभेल, चाळीत चार महिने टिकणार नाही.

जुन्या बुलेटच्या किंवा राजदूतच्या मागे लटकणाऱ्या चामडी सॅडलबॅगचंही असंच आहे. आपल्याकडे घोड्यावर टाकायची दोन कप्प्यांची पडशी होती, तिचीच ही दुचाकीवरची नात. अशी पिशवी माळ्यावर सापडली की आपल्याला दोन गोष्टी हव्या असतात: ती अस्सल जुनी असावी आणि ती नव्यासारखी दिसावी. गंमत अशी की दुसरी इच्छा पुरी करताना पहिलीचा पुरावाच पुसला जातो.

कारण जुनेपणा ओळखायचा तो झिजेवरूनच. कापलेली कड पाहा. बाभळीची साल, हिरडा अशा वनस्पतींनी कमावलेलं चामडं आतपर्यंत तपकिरी असतं. क्रोमनं कमावलेल्याची कड बहुधा निळसर-करडी दिसते. मग टाके पाहा. हातशिलाईत एकाच दोऱ्याच्या दोन टोकांना दोन सुया असतात आणि प्रत्येक भोकातून दोन्ही जातात, म्हणून एक टाका तुटला तरी शेजारचा धरून ठेवतो. यंत्राच्या शिलाईत दोन वेगळे दोरे असतात. एक तुटला की टाके सुटत जातात. पितळी बकलाभोवती हिरवा कळंक असेल, तर चामड्यातली चरबी आणि पितळ बराच काळ एकमेकांना चिकटून होते. पट्ट्याचं एकच भोक लांबट झालं असेल, तर कुणीतरी वर्षानुवर्षं त्याच भोकात बकल अडकवलं आहे.

आता हे सगळं घासून, रंगवून, पॉलिश करून टाकलं तर? पिशवी सुंदर दिसेल, पण तिला काही विचारता येणार नाही.

मग हातच लावू नये का? तसंही नाही. कुजका पट्टा धावत्या गाडीवर तुटून मागच्या चाकात अडकला, तर इतिहास जपल्याचं समाधान कामाला येणार नाही. पट्टा बदलायलाच हवा. पण आज पट्टा, उद्या टाके, परवा झाकण बदललं, तर ती जुनीच पिशवी उरते का? 'मिलिंदपन्ह' या पाली ग्रंथात भिक्खू नागसेन मिलिंद राजाला रथाबद्दल असंच विचारतो: चाक म्हणजे रथ का, आस म्हणजे रथ का? एकाही भागात रथ सापडत नाही. भाग एकत्र आले की 'रथ' हे नाव चालतं, एवढंच.

मला वाटतं, इथे प्रश्न वस्तू 'तीच' आहे का हा नाहीच. आपण तिच्याबद्दल काय सांगतो, हा आहे. नवा पट्टा लावणं खोटेपणा नाही. नवा पट्टा चहाच्या पाण्यात बुडवून, दगडावर घासून जुना म्हणून विकणं हा खोटेपणा आहे. काम तेच, चामडं तेच. फरक समोरच्याला काय कळू दिलं याचा.

आणखी एक खोटेपणा आहे, त्याकडे आपलं लक्षच जात नाही. पिशवी ओळखताना आपण शिक्का शोधतो, कंपनी शोधतो. एन्फिल्ड मद्रासला 1955 साली आली, हे आपल्याला पाठ असतं. ज्यानं दोन सुयांनी ते टाके घातले, त्याचं नाव मात्र कुठे नसतं. आपल्याकडे चामड्याच्या कामाला जात चिकटवली आणि जातीचं नाव घेतलं की माणसाचं नाव विचारायची गरज उरली नाही. 2025 च्या जूनमध्ये मिलानच्या शोमध्ये प्राडानं कोल्हापुरीसारख्या चपला श्रेय न देता दाखवल्या, तेव्हा आपण चिडलो. टीका झाल्यावर कंपनीनं प्रेरणा मान्यही केली. चिडणं बरोबरच होतं. पण आपल्या गल्लीतल्या चप्पल शिवणाऱ्याचं नाव आपल्यापैकी किती जणांना माहीत आहे?

म्हणून जुनी पिशवी दुरुस्त करायची असेल, तर आधी कोरड्या मऊ ब्रशनं धूळ काढा. ओली झाली तर सावलीत वाळवा, उन्हात किंवा हीटरजवळ नको. तेल थोडं, कापडावर घेऊन. जास्त झालं तर चामडं लिबलिबीत होतं. लाल भुकटी सुटत असेल, तर ती सड मागे फिरत नाही, तेलानंसुद्धा नाही. मग ती पिशवी गाडीवर न लावता घरात ठेवा. टाके घालायचे असतील तर शिवणाऱ्याकडे जा, आणि पैसे देताना त्याचं नाव विचारा. झाकणाच्या आतल्या बाजूला, जिथे ऊन-पाऊस पोचत नाही, तिथे एक चिठ्ठी लावा: काय बदललं, कधी, कुणी शिवलं.

पन्नास वर्षांनी कुणीतरी ते झाकण उघडेल. त्या माणसाला कारागिराचं नाव अंदाजानं शोधावं लागणार नाही.