सावधपण कोणाच्या जिवावर?

धैर्य आणि सावधपणा हे दोन गुण आपल्या नीतिविचारात परस्परांचे प्रतिस्पर्धी म्हणून उभे केलेले दिसतात. पुढे पाऊल टाकतो तो शूर आणि उंबरठ्याशी थबकतो तो भित्रा, असा सरधोपट निवाडा देऊन आपण मोकळे होतो. २०२० सालच्या महामारीने या निवाड्याची पंचाईत केली; आणि तीही घरे बंद झाली तेव्हा नव्हे, तर ती पुन्हा उघडू लागली तेव्हा.

टाळेबंदी सोसणे अनेकांना कठीण गेले. परंतु निर्णयाच्या दृष्टीने ती सोपी होती. २५ मार्चपासून ती देशभर लागू झाली तेव्हा निर्णय शासनाचा होता, आपल्याकडे उरले होते ते पालन. १८ मेच्या आदेशाने उपसचिव व त्यांवरील अधिकाऱ्यांनी रोज आणि खालच्या कर्मचाऱ्यांपैकी निम्म्यांनी आळीपाळीने कार्यालयात यावे, असे ठरले. येण्याजाण्याच्या वेळाही विभागल्या गेल्या. येथवर परिपत्रकाने साथ दिली. परंतु कार्यालय सुटल्यावर कोणाच्या दारी जावे, कोणाला आपल्या दारी येऊ द्यावे, हे सांगणारे परिपत्रक कोण काढणार?

१८९७ साली पुण्याच्या प्लेगात रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले निवर्तल्या. त्यांच्या धैर्यापुढे आपण निःशंकपणे मस्तक नमवतो, कारण त्यांनी पणाला लावला तो स्वतःचा प्राण. गाठीचा प्लेग मुख्यतः उंदरांच्या अंगावरील पिसवांवाटे पसरे. नव्या रोगाची रीत निराळी होती. लक्षणे दिसण्यापूर्वीच, अंगात ताप नसताना, हिंडताफिरता मनुष्य तो दुसऱ्याला देऊ शके. ‘मला भय वाटत नाही’ या वाक्याचा अर्थच त्यामुळे पालटला. भय नसलेला मनुष्य स्वतःबरोबर भलत्याचाच जीव पणाला लावीत होता, आणि तोही त्याला न विचारता.

विचारून लावला तर चालेल काय? हा प्रश्न आपणा परप्रांतस्थांना फार जवळचा आहे. १ जूनपासून दोनशे प्रवासी गाड्या धावू लागल्या आणि दिल्लीतील कित्येक मराठी घरांत एकच विषय निघू लागला. माझी आई दूरध्वनीवर म्हणे, “ये रे बाबा, मला आता काय व्हायचंय?” तिची संमती खरी होती, आपल्या वयाचा हिशेब तिने माझ्याहून अधिक नीट केला होता. तथापि तिची संमती तिच्यापुरतीच. तिच्या ओट्यावर रोज दुपारी बसणारी शेजारीण, तिच्याकडे भांडी घासायला येणारी बाई आणि त्या बाईची लेकरे यांच्या वतीने ‘ये’ म्हणण्याचा अधिकार तिला नव्हता, आणि मला तो गृहीत धरण्याचा नव्हता. मी त्या वर्षी गेलो नाही. याला कोणी पितृभक्तीची उणीव म्हणो; मी वाद घालणार नाही.

मात्र येथे थांबलो तर आपण स्वतःला फार स्वस्तात सज्जन ठरवू. आमच्यापैकी निम्मे घरी बसून टिपणे लिहीत होते. झाडू घरून मारता येत नाही. आमच्या दारात ठेवलेली भाजी कोणी तरी मंडईतून आणलेलीच असे. आमचे सावधपण हे अशा रीतीने दुसऱ्याच्या नाइलाजावर उभे होते, आणि त्याला सद्गुण म्हणताना जीभ थोडी अडखळावी हे बरे.

मग ते सोडून द्यावे आणि सर्वांनी सारखाच धोका पत्करावा? हा युक्तिवाद मी पुष्कळदा ऐकला. त्यात समतेचा आभास आहे, पण त्याने झाडूवाल्याचा धोका तिळभरही कमी होत नाही, उलट वाढतो. मेच्या तिसऱ्या आठवड्यात दिल्लीच्या बसगाड्या पुन्हा सुरू झाल्या त्या एका गाडीत वीसच उतारू, या अटीवर. बाजारात सहज एक फेरी मारावी म्हणून चढलेला उतारू त्या विसांपैकी एक जागा अडवीत होता, आणि पहाटेच्या पाळीला निघालेला कोणी एकविसावा थांब्यावर राहत होता. हजेरी त्याचीही लागायची होती. गाडीत बसलेल्याला तो खिडकीतून दिसे. वाहक तिकिटाचे पैसे तेवढे मागे, कशासाठी निघालात हे विचारीत नसे.