हात कोणाचे, झोप कोणाची

पणजीत जुन्या सचिवालयाच्या बाजूला एक पुतळा आहे. झगा घातलेला एक पाद्री हात पुढे पसरून उभा आहे आणि त्याच्या हातांखाली एक बाई मागे कलंडली आहे. बघणाऱ्याला वाटतं, त्या हातांतून काहीतरी निघतंय आणि त्या बाईत शिरतंय. गंमत अशी की, ज्याचा हा पुतळा आहे त्या माणसाने आयुष्याची शेवटची वर्षं नेमकी हीच समजूत खोडून काढण्यात घालवली.

हा आबे फारिया. बार्देशातल्या कांदोळीत १७५६ साली जन्मलेला, पंधराव्या वर्षी वडिलांबरोबर पोर्तुगालला गेलेला, रोममध्ये शिकून पाद्री झालेला आणि शेवटी पॅरिसमध्ये स्थिरावलेला. ‘काउंट ऑफ मॉन्टे क्रिस्टो’ वाचली असेल तर तुरुंगातला तो म्हातारा पाद्री आठवेल. ड्युमाने नाव याचंच उचललं. त्याच्याबद्दल एक दंतकथा आहे. लिस्बनला राणीसमोर प्रवचन द्यायला उभा राहिला आणि त्याची वाचाच बसली. खाली बसलेले वडील हळूच कोकणीत म्हणाले, ही सगळी भाजी रे, कातर भाजी. समोरच्या मोठमोठ्या लोकांची क्षणात भाजी झाली आणि पोरगा धडाधड बोलू लागला. खरी असो वा नसो, गोष्ट बेतशीर आहे. वडिलांच्या चार शब्दांत बळ कुठून आलं, हाच पुढे मुलाच्या आयुष्याचा प्रश्न झाला.

त्याआधी पॅरिस मेस्मर नावाच्या डॉक्टरने वेडावून सोडलं होतं. माणसाच्या शरीरातून एक चुंबकी द्रव वाहतो आणि तो आपण वळवू शकतो, असा त्याचा दावा. लोखंडी सळया बसवलेल्या लाकडी पिंपाभोवती रुग्ण बसत. कोणी रडे, कोणाला झटके येत, पुष्कळांना बरंही वाटे. १७८४ साली राजाने चौकशी समिती नेमली. तिच्यात बेंजामिन फ्रँकलिन होता, लाव्हॉझिए होता. फ्रँकलिनच्या बागेत एका झाडात ते चुंबकत्व ‘भरलं’ आणि बारा वर्षांच्या एका मुलाला डोळे बांधून भलत्याच झाडांपाशी नेलं. चौथ्या झाडाला मिठी मारताच मुलगा बेशुद्ध पडला. त्या झाडात काहीच भरलेलं नव्हतं. सगळा कल्पनेचा खेळ, असं म्हणून समितीने अहवाल दिला.

पण मुलगा पडला होता, हे तर खरंच होतं ना?

फारियाचं काम जणू इथून सुरू होतं. १८१३ पासून तो पॅरिसमध्ये जाहीर प्रयोग करू लागला. चुंबक नाही, पिंप नाही. माणसाला आरामात खुर्चीत बसवायचं, डोळे मिटायला सांगायचं, झोपेवर मन एकवटायला लावायचं आणि मग ठाम आवाजात म्हणायचं: झोपा! काही जण खरोखर एका वेगळ्याच अवस्थेत जात. फारियाचं म्हणणं असं की यात माझं काही नाही. झोपेचं कारण झोपणाऱ्याच्या आत आहे. स्वतःला तो फक्त ‘एकाग्र करणारा’ म्हणवत असे. लोकांनी त्याची टर उडवली. एका नटाने झोपेचं सोंग घेऊन त्याला फसवलं, त्याच्यावर फार्स रचला गेला. १८१९ साली तो वारला तेव्हा त्याची दखल घ्यायला फारसं कोणी नव्हतं. संमोहनाचा अभ्यास सूचनेभोवती फिरतो हे बाकीच्यांना पटायला पुढे कितीतरी दशकं गेली.

प्रार्थना आणि ध्यान मला याच ओळीत दिसतात. २००१ साली एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात एक छोटा अभ्यास छापून आला होता. तेवीस जणांना लॅटिनमधून तेर्साची प्रार्थना म्हणायला लावली, तसंच ‘ओम मणि पद्मे ओम’. दोन्ही वेळा श्वास मिनिटाला साधारण सहावर आला आणि हृदयाचा ताल त्याच्याशी जुळला. मारिया आणि मणिपद्म यांचं आपसात काही ठरलेलं नव्हतं. म्हणणाऱ्याची छाती मात्र एकच होती. यावरून देव नाही असं काही सिद्ध होत नाही. श्रद्धावान माणूस म्हणेल, छातीही त्यानेच घडवली. माझं त्यावर भांडण नाही.

भांडण आहे ते श्रेयावरून. शांत वाटलं की आपण आभार मानायला कोणीतरी शोधतो. हे स्वाभाविक आहे, कारण आवाज कोणाचा तरी असतोच: आईचा, कीर्तनकाराचा, ॲपमधल्या त्या मध लावलेल्या बाईचा. आवाजाचे आभार मानावेत. पण आवाज मालक झाला की हिशेब असा होतो: बरं वाटलं तर गुरुकृपा, नाही वाटलं तर तुझी श्रद्धा कमी. हा हिशेब लिहिणारा कधीच तोट्यात जात नाही.

माझ्या एका मैत्रिणीला धाप लागून, हातपाय गार पडून घाबरायला व्हायचं. एका शिबिरात तिला सांगितलं गेलं की गोळ्या चालू आहेत म्हणजे अजून समर्पण नाही. तिने गोळ्या सोडल्या. तीन आठवड्यांनी भर लोकलमध्ये तिला झटका आला. मग दुसऱ्या टोकाचा एक भेटला, हातात कॉफी घेतलेला, म्हणाला, “सगळं तुझ्या मनातच आहे, यू जस्ट हॅव टू लेट गो.” ऐकायला हे फारियासारखंच वाटतं. कारण आत आहे, मग नाही जमलं तर दोषही आतलाच. बाबाच्या हातून सुटलेली काठी तिच्याच हातात दिली, स्वतःला मारून घ्यायला.

फारिया मात्र इथे घसरला नाही. सगळेच झोपत नाहीत हे तो रोज बघत होता आणि त्याचं कारण त्याने माणसाच्या शरीरप्रकृतीत शोधलं. रक्त पातळ असलेले लवकर झोपतात, असं त्याला वाटे. रक्ताचं चुकलंच. पण न झोपणाऱ्याला त्याने पापी ठरवलं नाही, आळशीही नाही. संमोहित होण्याची क्षमता माणसागणिक वेगळी असते आणि वर्षानुवर्षं फारशी बदलत नाही, हे आज मोजून पाहिलेलं आहे. कोणाचा गळा गाता असतो, कोणाचा नसतो, तसंच. मन शांत होण्याची ताकद माझी आहे, पण ती माझी कर्तबगारी नाही. त्यामुळे ती नसणं हा माझा गुन्हाही नाही. यातलं पहिलं अर्धं वाक्य शिबिरवाले सांगत नाहीत, दुसरं कॉफीवाले.

मैत्रीण आता पुन्हा डॉक्टरांकडे जाते. रात्री गोळी घेते आणि आजीने शिकवलेला जपही करते. ॲपमधला आवाज तिने बंद केलाय, फक्त दहा मिनिटांनी वाजणारी घंटा ठेवलीय. ज्या दिवशी मन बसत नाही त्या दिवशी काय करतेस, असं विचारलं तर म्हणाली, “काही नाही गं, घंटा वाजली की उठते आणि कुकर लावते.”